काका अधांतरी राहिले त्या दुपारी

मी एक जुनी स्प्रिंग आहे. मित्रांनो, गाडीच्या पुढच्या चाकामागे डोकावलात तर धक्के शोषणाऱ्या शॉकअपभोवती वेढे घालून बसलेली मी तुम्हाला दिसेन. भट्टीत लालबुंद झाले, पीळ घेतला आणि तेव्हापासून एका अख्ख्या घराचं वजन झेलते आहे. कौतुक मात्र गाडीच्या रंगाचं व्हायचं.

पुढे माझ्या पोटातला शॉकअप गळू लागला. बारीकशा खड्ड्यातही गाडी हिंदकळे. पाठीचं ऑपरेशन झालेले घरातले बाबा दात आवळून बसत. एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, आता मला व्यायामासाठी दवाखान्यात नेऊ नका. त्याच दुपारी त्यांच्या लेकीने नवा शॉकअप आणून बाह्या सरसावल्या.

मला दाबून धरायचं यंत्र तिच्याकडे नव्हतं. न दाबता सोडवलं तर मी उसळून कुणाचंही कपाळ फोडीन, हे तिला ठाऊक होतं. मग तिने काय करावं? बॉनेटच्या कडेवर उशी ठेवून आपल्या वजनदार काकांना बसवलं! "एवढं खाल्लेलं आज कामी आलं," बाबा खुर्चीतून म्हणाले. मी दबले, तशी लेक फाटकाची साखळी माझ्या वेढ्यांतून ओवू लागली.

इतक्यात काकांचा फोन वाजला आणि ते चक्क उठले. मी सुटकेचा श्वास घेत वर आले. चूक कळताच ते ओशाळून पुन्हा टेकायला गेले. तिची बोटं अजून माझ्या वेढ्यांत होती.

"काका, बसू नका."

तिने आवाजही चढवला नाही. काका अधांतरी थबकले, ना उभे ना बसलेले. बोटं हळूच बाहेर आली.

"आता बसा. आणि फोन द्या बाबांकडे."

साखळी आवळली गेली. जॅक लावला, चाक उतरलं. गंजलेला नट हलेना, तेव्हा तिने पान्याच्या दांड्यावर नळाचा लांब पाईप चढवला आणि नट कुरकुरत सुटला. मी बाहेर आले, सारं बळ त्या साखळीत निमूट ठेवून. नवा शॉकअप पोटात घेऊन परत जागेवर बसले. साखळी सोडायला काका पुन्हा बॉनेटवर चढले, या वेळी फोनशिवाय.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी नेहमीचा खड्डा आला. बाबांनी सवयीने दात आवळले. मी दबले, उठले, थांबले.

"खड्डा बुजवला का गं?" जरा वेळाने त्यांनी विचारलं.

लेकीने हसत गाडी दवाखान्याकडे वळवली.

मित्रांनो, मी पोलादाची. तरी त्या पाच बोटांचं मला अजून नवल वाटतं. तुमचं वजन कोण झेलतंय, ते कधीतरी वाकून बघा. बघताना बोटं तेवढी जपा.