पिवळ्या टोपणाची सवत

मी बाटली बोलतेय. केसांच्या गोळ्यांची. गोळ्या कसल्या, चघळायच्या लाल जेलीच त्या. चव स्ट्रॉबेरीची, आत भरपूर बायोटिन, केस वाढवतं म्हणतात ते जीवनसत्त्व. माझ्या अंगावर छापलेल्या बाईचे केस कमरेपर्यंत आहेत. ते माझ्यामुळे वाढले का, हे तिला कोणी विचारलेलं नाही.

इडालिनाने मला अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या दुकानातून घेतलं ते लग्नात केस दाट दिसावेत म्हणून. लग्न झालं, मी राहिले. रिकामी होत आले की ती मला पुन्हा भरायची. तिमजली लाकडी घर. तळाला सासूबाई फिलोमेना, मधे भाडेकरू, वर इडालिना आणि नोर्बेर्तो. माझी जागा न्हाणीघरात, आरशाखाली. सकाळी नवऱ्याशी बोलायच्या आधी ती मला हात लावायची. सहज सांगतेय.

मग सवत आली.

इडालिनाची पस्तिशी उलटलेली, मूल हवं होतं. डॉक्टरांनी रक्तातलं एएमएच तपासायला सांगितलं. अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय, याचा अंदाज देणारं हे हार्मोन. त्या दिवशी घाईत तिने मला पर्समध्ये टाकलं आणि वाटेत जेली खाल्ली. त्यामुळे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पिवळ्या टोपणाची एक बारीक नळी. अंगात इडालिनाचं ऊबदार रक्त, अंगावर इडालिनाचं नाव! माझ्या नशिबी परक्या बाईचे केस. आणि नर्स तिला हळूहळू उलटसुलट करत होती, जोजवल्यासारखी. माझा नुसता जळफळाट झाला.

"काही औषधं चालू आहेत?" नर्सने विचारलं.

"छे, काही नाही."

मी हातभर अंतरावर होते.

आकडा आला तो फारच कमी. इडालिना न्हाणीघरात टबच्या काठावर बसून राहिली.

"अगं, एका आकड्याचं काय घेऊन बसलीस?" नोर्बेर्तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचा विचार करून ठेवा. आकड्याचं काय, म्हणे!"

त्यानंतर घरात विषय एकच, ती नळी. जेली खातानाही इडालिनाचं लक्ष माझ्याकडे नसायचं.

एका संध्याकाळी फिलोमेना कोबीपाल्याचं सूप घेऊन वर आली. "मला पाच झाली. एकदाही असली सुई टोचून घेतली नाही."

"आणि पाचांतलं एकही तुझं ऐकत नाही," नोर्बेर्तो म्हणाला.

ती हात धुवायला न्हाणीघरात शिरली. तिचा हात माझ्या चांगलाच ओळखीचा. दार लावायचं, दोन जेली तोंडात टाकायच्या, टोपण घट्ट करायचं. त्या दिवशी मात्र तिने टोपण उघडलंच नाही. मला उचललं आणि बाहेर आणून टेबलावर आपटलं.

"या मी पण खाते."

"कधीपासून?" इडालिनाने चमचा खाली ठेवला.

"तुमच्या लग्नापासून. टाळू दिसायला लागलीय माझी, काय करू? ते जाऊ दे. माझा डॉक्टर म्हणत होता, माझं थायरॉइड सुसाट सुटलंय. मग विचारलं, केसांसाठी काही घेता का? सांगावं लागलं. गोळ्या बंद केल्या, पुन्हा रक्त दिलं, तर ठणठणीत! या गोळ्यांनी रक्ताची तपासणीच चुकते म्हणे. तूही विचार."

"तरीच! मला वाटायचं, हीच मूठमूठ खाते," नोर्बेर्तो म्हणाला.

"गप रे तू."

इडालिनाने विचारलं. उत्तर आलं, बंद करा आणि पुन्हा रक्त द्या. दुसऱ्या नळीचा आकडा वयाला साजेसा निघाला. बाळाची हमी त्यात नव्हती, पण दुसऱ्या बाईच्या बीजाचा विषय मिटला. इडालिना सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

जिच्यावर मी एवढी जळले, त्या पहिल्या नळीत मीही होतेच की! न सांगता, तिच्या रक्तात मिसळून. आणि जिच्यात मी नव्हते, तीच खरं बोलली. हे गिळायला जड जातं.

आता मी तळमजल्यावर, फिलोमेनाच्या फडताळात आहे. पोटात दालचिनी, तळाशी अजून स्ट्रॉबेरीचा वास. वरून इडालिनाची पावलं ऐकू येतात.

तुम्ही तपासणीसाठी रक्त द्यायला जाल, तेव्हा काय काय घेता हे नर्स विचारेल. माझं नाव घ्या. नावाची चिठ्ठी त्या पिवळीलाच लागू दे. मला निदान तोंडी तरी मान द्या.