आमच्या दारातला नळाचा खड्डा

आमच्या दारातला रस्ता आजवर तीनदा झाला. घर एकदाच झालं. सासऱ्यानं शहाऐंशी साली बांधलं तवा तीन पायऱ्या चढून घरात यावं लागायचं. आता दोन पायऱ्या उतरून यावं लागतं. जुना रस्ता आधी उकरायचा आन् मग नवा करायचा, एवढी साधी अक्कल कुणाला न्हाई. सिमेंटवर सिमेंट ओतायचं, फोटो काढायचे आन् जायचं. रस्ता वर गेला, त्याच्यासंगं नाली वर गेली, आन् आमची न्हाणी राहिली खाली. आता सांगा, न्हाणीतलं पाणी वर चढून नालीत जाईल का नालीतलं उतरून न्हाणीत येईल? हे शाळेतल्या लेकराला कळतं, इंजिनेराला कळत न्हाई.

मी मल्लम्मा. माहेर उदगीर, सासर नांदेड, गंगेच्या, म्हंजी गोदावरीच्या, काठची ही जुनी कॉलनी. आमचे हे, मन्मथ, किराणा दुकान बघतात आन् कुणाला काही बोलत न्हाईत. म्हणून घरातलं बोलायचं खातं सगळं माझ्याकडं हाय.

यंदा बोलायला कारणबी तसंच व्हतं. लेक शिवांगी बाळंतपणाला आली व्हती. तिला रेणापूरला दिली हाय. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आन् मी तिला घेऊन आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यात रीत हाय. माझ्या माहेरानं ती पाळली न्हाई. त्या साली वडलाचं दुकान बसलं व्हतं, त्यांनी चिठ्ठी धाडली की यंदा जमणार न्हाई. शिवांगी ह्याच घरात झाली, सासूनंच सगळं केलं. सासू वाईट नव्हती. पण पाव्हणे आले की, सण आला की, भांडण झालं की तिचं एकच म्हणणं, "हिच्या माहेरानं पहिलं बाळंतपणसुद्धा केलं न्हाई." वीस-बावीस वर्षं ऐकलं. सासू गेली तवा मी लई रडले, आन् खोटं कशाला बोलू, आता हे ऐकावं लागणार न्हाई म्हणूनबी रडले. तवाच ठरवलं व्हतं की माझ्या लेकीवर ही पाळी येऊ देणार न्हाई.

आन् भादव्यात गंगेला पूर आला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, नदी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. दारातून पाणी आलं न्हाई, न्हाणीतून आलं. आधी भोकातून बुडबुडे, मग काळं पाणी, मग सगळ्या गल्लीचं जे काय असतं ते. मी भोकात चिंध्या कोंबल्या, वर पाटा ठेवला, पाट्यावर गव्हाची पिशवी ठेवली. पाणी बाजूनं येतच राहिलं. पोटुशी लेक बाजेवर पाय वर घेऊन बसली, आन् मी घोटाभर घाणीत उभी राहून रस्ता करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून राहिले.

त्यातच विहीणबाईंचा फोन आला. साखराबाई त्यांचं नाव. त्यांना टीव्हीवर पूर दिसला व्हता.

"मल्लम्माबाई, आमच्याकडं बोअरचं पाणी हाय, घर उंचावर हाय. शिवांगीला धाडून द्या."

"पाणी उतरलं की मी घर धुऊन घेते. काळजी करू नका."

"धुतल्यानं काय व्हतंय?"

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "विहीणबाई, बाळंतपण माझ्या घरात व्हईल," आन् फोन ठेवला. नंतर त्यांनी आणखी दोनदा इचारलं, मी दोन्हीदा हेच सांगितलं.

आता नळाचं सांगते. आमच्याकडं नळ चौथ्या दिवशी येतो, तोबी पाऊण तास. पाइप जुनाट, धारेला जोर न्हाई, पाणी जमिनीच्या वर चढतच न्हाई. म्हणून गल्लीत दर घरापुढं खड्डा हाय. नळ जितका खाली, पाणी तितकं जास्त. एकानं हातभर खणला की शेजारचा दोन हात खणतो. आमचा सगळ्यात खोल, माझ्या कमरेएवढा, नालीच्या भिंतीला लागून. वर फरशी झाकलेली. आन् त्या खड्ड्यात, नळाच्या पाइपाला थेट जोडलेली मोटार. महापालिकेला हे चालत न्हाई. तपासायला माणूस आला की फरशीवर पोत्याचं ठिक्कं टाकायचं आन् त्यावर बसून ज्वारी निवडायची. सगळी गल्ली हेच करते.

शिवांगी येणार म्हणून मी उन्हाळ्यात जुनी छोटी मोटार काढून एक हॉर्सपॉवरची बसवली. बाळंतिणीला पाणी लई लागतं. बसवायला आलेला नरसिंग प्लंबर म्हणला, "काकू, एवढी मोटार जुन्या पाइपाला हिसके देती." मी म्हणलं, "तू बसव. पाइपाची चिंता महापालिका करंल."

पूर गेल्यावर दुसऱ्या खेपेला नळाला वास आला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत शेजारच्या आनंदराजची बायको वर्षाराणी पिवळी पडली. कावीळ. तिला दवाखान्यात ठेवलं, तिचा डबा माझ्या घरून जायचा, मग कोपऱ्यावरचे दोघं पडले. मी शिवांगीच्या डॉक्टरणीकडं पळाले. रिपोर्ट चांगला निघाला, पण ती म्हणाली, "ह्या महिन्यांत ही कावीळ झाली तर आई आणि बाळ, दोघांच्या जिवाला धोका असतो. पाणी सांभाळा." मी पाणी उकळतच व्हते. पण उकळून उकळून किती उकळणार? आंघोळ हाय, गुळणी हाय, भाजी धुणं हाय, आमच्या ह्यांची सकाळची लिंगपूजा हाय. लेकीनं नुसता हात धुतला तरी मी तो पदरानं कोरडा करायची.

शेवटी मी ते पाणी बाटलीत भरलं, गल्लीतल्या आठ बायका संगं घेतल्या आन् पाणीपुरवठ्याच्या हापिसात गेले. इंजिनेराच्या टेबलावर बाटली ठेवून म्हणलं, "प्या."

तो म्हणाला, "मॅडम, टाकीवर रोज तपासणी होते. पाणी स्वच्छ आहे. दोष तुमच्या गल्लीत असेल."

"मग गल्लीत या."

"माणूस पाठवतो."

"मागल्या आठवड्यातबी पाठवला व्हता. त्यानं चहा पिला आन् सही घेऊन गेला. साहेब, माझी लेक आठव्या महिन्यात हाय. नालीखाली कुठंतरी तुमचा पाइप फुटलाय. तुम्ही त्याच्यावर तीन थर सिमेंट ओतलं, आता तो कुणाच्या बापाला दिसणार?"

"कुठे फुटलाय ते दाखवा, उकरून दुरुस्त करून देतो."

म्हणलं, दाखवतेच. घरी आले आन् नरसिंगला बोलावलं. हा देगलूरकडचा माणूस, गल्लीतले निम्मे नळ त्यानंच बसवलेले. तो म्हणला, "नळ गेल्यावर पाइप रिकामा असतोय. कुठं फट असली तर बाहेरचं पाणी आत शिरतंय. आपुन नालीत नीळ टाकू. पुढच्या खेपेला नळाला निळं आलं, तर नालीतच फट हाय समजा." आमच्या दुकानातून कपड्याला घालायच्या निळीच्या चार बाटल्या आणल्या. सगळ्या गल्लीसमोर त्यानं दोन नालीत ओतल्या. मी सगळ्यांना सांगून ठेवलं, निळं पाणी आलं की त्याच टेबलावर नेऊन ठेवणार.

शनिवारी नळ आला. वास तोच, पण निळं काही आलं न्हाई.

नरसिंग डोकं खाजवून म्हणला, "काकू, नालीतून थेट न्हाई. कुणाच्या तरी खड्ड्यातून असंल."

"कुणाच्या?"

"एकेक बघावं लागंल. तुमचाच सगळ्यात खोल हाय."

"मग पहिला माझाच बघ," मी म्हणलं, गल्लीला ऐकू जाईल आसं. "मला कुणाचं भ्याव हाय?"

फरशी उचलली. पूर गेल्यापासून खड्ड्यात नालीचं पाणी झिरपून राहिलं व्हतं. मला ते माहीत व्हतं. मी रोज बघायची की मोटार विटांवर कोरडी हाय ना, आन् फरशी झाकून टाकायची. मोटारीच्या खालचा पाइप त्या पाण्यात बुडलाय, हेबी दिसत व्हतं. पण पाइप तर बंद असतो, आसं मी धरून चालले व्हते. उरलेल्या दोन बाटल्या मी माझ्याच हातानं ओतल्या.

बुधवारी सकाळी नळ आला. नरसिंगनं सांगितलं म्हणून मोटार बंदच ठेवली व्हती. पाच मिनिटांनी आनंदराज दारात आला. हातात तांब्या, तांब्यात निळं पाणी.  मागून शिवांगीचा आवाज आला, "आई, बादली बघ."

बादली निळी व्हती. तिच्या आंघोळीला मीच लावली व्हती.

नरसिंग खड्ड्यात उतरला आन् पाण्यात हात घालून चाचपून वर आला. म्हणला, "मोटारीच्या हिसक्यानं जोड ढिला झालाय. नळ गेला की खड्ड्यातलं पाणी पाइपात शिरतंय. नळ आला की सगळ्यांच्या घरात आधी तेच जातंय." उन्हाळ्यात मला काय सांगितलं व्हतं, ते त्यानं काढलं न्हाई. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"आनंदराज," मी म्हणलं, "माझ्या खड्ड्यातून गेलं रे हे."

तो म्हणला, "काकू, दवाखान्यात अकरा दिवस तुम्हीच तिला डबा देऊन राहिलात." मग तांब्यातलं पाणी त्यानं दारातच ओतलं. "आजपासून डबा नका धाडू."

लाजेनं मला वर बघवंना. पण खरं सांगते, लाजेच्या खाली राग तसाच व्हता, उलट वाढला. मी नरसिंगला म्हणलं, मोटार काढ. ती रिक्षात घातली, हापिसात नेली आन् शिपायाच्या हातानं त्याच टेबलावर ठेवली. इंजिनेर खुर्ची मागं सरकवून बघत राहिला.

"साहेब, तुम्ही खरं बोललात. दोष माझ्या खड्ड्यात व्हता. ही माझी चूक, तुमच्या टेबलावर ठेवली. आता तुमची ठेवा. नळाला धार असती तर मी खड्डा कशाला खणला असता? रस्ता उंच करून नाली माझ्या डोक्यावर आणली नसती, तर तिचं पाणी माझ्या खड्ड्यात कशाला आलं असतं?"

"नवीन लाइनचा प्रस्ताव वर पाठवलेला आहे."

"काम कधी व्हईल?"

"मार्चनंतर बघू."

"माझ्या लेकीला चार आठवडे राहिलेत."

 त्यानं कपाटातून एक कागद काढला, बेकायदा मोटारीची नोटीस, आन् म्हणाला, "इथं सही करा." मी केली. चूक माझी व्हती, मी सही केली. त्यानं सही करावी आसा एकबी कागद त्या हापिसात नव्हता.

पुढच्या खेपेला मोटारीशिवाय नळ सोडून बघितला. नरसिंगनं जोड पक्का केला व्हता, खड्डा उपसला व्हता. पाऊण तासात दीड घागर आली. तेवढ्यात खड्ड्याच्या भिंतीतून नालीचं पाणी परत पाझरायला लागलं. मी काठावर बसून बघत राहिले. मग आत गेले आन् रेणापूरला फोन लावला.

"विहीणबाई, गाडी धाडा."

त्या भांडायच्या तयारीतच असतील, पण आवाज एकदम मऊ झाला. म्हणल्या, "काय झालं?"

"माझ्या घरचं पाणी खराब हाय. गल्लीत कावीळ पसरली, ती माझ्याच हातानं. लेकीचा रिपोर्ट कालपर्यंत चांगला हाय. उद्याचं मी सांगू शकत न्हाई."

त्या एक शब्द वाकडा बोलल्या न्हाईत. म्हणल्या, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी जावई आले, श्रीशैल. शिवांगी उंबऱ्यात अडून बसली. "आई, मी उकळलेलंच पिते. चार आठवड्यांचा तर सवाल हाय."

"ऊठ," मी म्हणलं.

"तूच म्हणायचीस ना, पहिलं बाळंतपण..."

"मी म्हणायची. आता मीच म्हणते, ऊठ."

संगं डिंकाचे लाडू दिले. त्यात नुसतं तूप, पाण्याचा हात न्हाई, म्हणून दिले. बाकी माझ्या घरातलं काही द्यायची माझी हिंमत झाली न्हाई. जावयाला म्हणलं, पोचल्या पोचल्या दवाखान्यात तपासून घ्या. गाडी रस्त्यावर चढली, आन् मी खाली दारात उभी राहून वर बघत व्हते.

रेणापूरच्या घरात कधीतरी, सणाला न्हाईतर भांडणात, कुणीतरी म्हणंलच की हिच्या माहेरानं पहिलं बाळंतपणसुद्धा केलं न्हाई. मला म्हणलं की मी मनातल्या मनात तरी म्हणायची, माझ्या वडलाकडं तवा काहीच नव्हतं, ते काय करणार. शिवांगीनं काय म्हणायचं? आईनं माझ्यासाठी जास्त पाणी ओढलं, एवढंच तिला म्हणता येईल.