कोरं मांजरपाट

समजा, बाळांनो, तुम्ही गोठ्याच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसला आहात. बाहेर दुपारचं ऊन, आईबाप कापूस वेचायला लांबच्या वावरात गेलेले, आणि तुमच्या ओंजळीत आत्ताच जन्मलेलं कुत्रीचं पिल्लू आहे. ओलं, गार. ते हलत नाही. डोळे मिटू नका. अक्षतानंही मिटले नव्हते.

तीर्थपुरीजवळच्या वस्तीवर अक्षता तिच्या आबांसोबत, म्हणजे आजोबा रामरावांसोबत, घरी थांबली होती. तांबी कुत्री आज विणार हे तिला सकाळीच कळलं होतं, आणि तेव्हापासून ती गोठ्यातून हलली नव्हती. कारण तांबीच्या हिरड्या महिनाभरात फिक्या पडल्या होत्या, आणि आबा उठता-बसता म्हणत होते, "रक्ताचं पाणी झालं हिच्या. वाचत न्हाई ही."

मागच्या आठवड्यात गाय तपासायला जनावरांचे डॉक्टर परवेज आले, तेव्हा अक्षतानं त्यांना हाताला धरून तांबीकडे नेलं. त्यांनी रक्त घेतलं, तपासलं आणि फोनवर समजावून सांगितलं, "आबांचं अर्धं खरं आहे, बेटा. पिल्लांना पोसायला आईचं रक्त वाढतं. पण त्यातलं पाणी जास्त वाढतं, लाल कण मागं राहतात. सरबतात पाणी ओतलं की रंग उतरतो ना, तसं. व्याल्यावर हिरडी बोटानं दाबून बघ. पांढरी होईल. बोट काढल्यावर गुलाबी रंग लगेच परतला, तर बरं चाललंय समज. नाही परतला, तर मला जल्दी फोन कर."

आता पहिलं पिल्लू आलं होतं. वरची पातळ पिशवी अक्षतानंच फाडली. तांबीनं मात्र त्याला चाटलं नाही. तिनं मान टाकली होती.

"ठेव ते खाली," दारातून आबा म्हणाले. "गेलं ते. आईकडं बघ. आई ऱ्हायली तर बाकीचे ऱ्हातील."

अक्षतानं तांबीचा ओठ वर केला, हिरडी दाबली, बोट काढलं. पांढरा ठिपका. मग लगेच फिका, पण गुलाबी.

"तिला काही झालं न्हाई, आबा. दमली ती."

"डाक्टरीण झाली का तू?"

पिल्लाचं तोंड खाली करून ती त्याला कापडानं चोळू लागली. ते कापड कोरं मांजरपाट होतं, आईनं वेचणीच्या झोळ्या शिवायला आणलेलं. नव्या बाळाला जुनेर लागतं हे तिला ठाऊक होतं. पण माझ्या तांबीच्या लेकरांना चिंध्या कशाला, म्हणून तिनं लाडानं ते नवं काढलं होतं.

ती चोळत राहिली आणि पिल्लू ओलंच राहिलं. पाणी नुसतं इकडचं तिकडे होत होतं. तिनं कापड उचललं, तर त्यावर थेंब अळवाच्या पानावरच्यासारखे उभे.

असं का होतं, ते ऐका. कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेणाचा बारीक थर असतो. झाडावरून वेचलेला कापूस बादलीत टाका, तो तरंगत राहील. कोऱ्या मांजरपाटात हा थर तसाच असतो. पुन्हा पुन्हा धुऊन तो गेला, की कापड पाणी प्यायला लागतं.

हे अक्षताला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला फक्त ते थेंब दिसले. तिचा हात थांबला. दोरीवरची धुणी ओलीच होती. आईच्या साड्या निसरड्या, पाणी न पिणाऱ्या, तिचा स्वतःचा फ्रॉकही तसलाच. तळहातावर पिल्लू आणखी गार पडत होतं.

"सोड म्हणलं ना," आबा जवळ येऊन वाकले.

त्यांच्या डोक्याला रुमाल होता. सुती, हजारदा धुतलेला, सायीसारखा मऊ. त्या घरात त्या रुमालाला कुणी हात लावत नसे. थोरल्या माणसाचं डोकं उघडं पडायचं ते कुणी गेल्यावरच.

अक्षतानं रुमाल ओढला.

"अगं!"

कापड पिल्लाला लागलं आणि पाणी पिऊन काळपट झालं. तिनं पाठ चोळली, छाती चोळली, नाक टिपलं, पुन्हा पाठ. आबा उघड्या डोक्यानं उभे होते. मग त्या ओंजळीतून बारीक, चिरका आवाज आला.

आबा हळूच खाली बसले. "दुसरं येऊन राह्यलं," ते म्हणाले.

अक्षतानं पहिलं पिल्लू तांबीच्या आचळाशी लावलं, रुमालाची कोरडी बाजू वर केली, आणि दोन्ही हात पुढे धरले.