बाथरूममधले कलावंत

माझ्या नवऱ्याला कुठूनसा जुना रोलवाला कॅमेरा मिळाला आणि आमच्या बाथरूमचं वाटोळं झालं. दाराच्या फटीला टॉवेल, खिडकीला काळा कागद, नळाजवळ बाटल्याच बाटल्या. आंघोळीला जायचं तर साहेबांची परवानगी काढायची. "मोबाईलने काय, कोणीही फोटो काढतं," असं वर तोंड करून आम्हालाच सुनवायचा.

आता माझ्या बाबांचं आणि काकांचं ऐका. सख्खे भाऊ, एकाच गल्लीत घरं, आणि एका शिडीवरून वर्षानुवर्षं अबोला. शिडी मागून कोणी नेली आणि परत कोणी केली नाही, यावर दोघांचं आजही एकमत नाही. आईने दोघांच्या हातापाया पडून, रडून, शेवटी अन्न सोडायची धमकी देऊन बाबांच्या वाढदिवसाला काकांना घरी आणलं. दोघं एका सोफ्यावर बसले. काकांनी चक्क बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. आईचे डोळे भरून आले.

"एक फोटो काढा रे," ती म्हणाली. "भिंतीवर लावते. पुन्हा भांडले की बोट दाखवीन."

आम्ही मोबाईल काढले, तर नवरा मध्ये आडवा आला. "ठेवा ती खेळणी! हा क्षण फिल्मवरच." आता जावयाला कोण बोलणार? सगळ्यांनी निमूट मोबाईल ठेवून दिले. हा सोफ्यासमोर वाकला, उकिडवा बसला, पुन्हा ओणवा झाला आणि अख्खा रोल संपवून मोकळा झाला.

रोल अर्थातच घरी धुणार. स्टुडिओवाल्याला याच्या कलेतलं काय कळतंय! रीत तशी साधी. बंद डब्यात रोल घालून आधी चित्र उमटवणारं औषध ओतायचं, मग ते पक्कं करणारं. क्रम उलटा झाला की कारभार आटोपला. आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या याने ‘गबाळ्या दिसतात’ म्हणून खरवडून काढलेल्या.

"मग ओळखणार कशा?" मी विचारलं.

"हाताला सवय असते गं."

सवय म्हणे! बाथरूममधून बाहेर आला तो तोंड पाडूनच. हातातली फिल्म काचेसारखी आरपार. पक्कं करणारं आधी ओतलं होतं. ना बाबा, ना काका, कडेचे आकडेसुद्धा नाहीत.

"वेगळाच परिणाम साधलाय," तो पुटपुटला.

"आईला काय सांगू? परिणाम साधलाय?" मला रडूही येत होतं आणि तो डबा त्याच्या टाळक्यात घालावासाही वाटत होता.

पुन्हा काढावा म्हटलं, तर तोवर दोघा भावांचं परत त्याच शिडीवरून बिनसलेलं. काका यायला तयार नाहीत, बाबा बोलवायला.

शेवटी काकू धावून आल्या. जावयाचा हुकूम धाब्यावर बसवून त्यांनी त्या दिवशी गुपचूप एक फोटो काढला होता. एकच. आईने तो बघितला आणि चांगला मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला. एका टोकाला बाबांचा गुडघा दिसतो, दुसऱ्या टोकाला काकांचं कोपर. मधे, चौकट भरून, ओणव्या झालेल्या माझ्या नवऱ्याचं बूड.

त्याने किती विनवण्या केल्या, पण आई काही तो उतरवत नाही. येणारा-जाणारा विचारतोच, "हे काय हो?"

"दोघं भाऊ आहेत," आई सांगते. "जावईबापूंच्या मागे."