राणीच्या आधीची गोष्ट

सुमेधा लेस्टरमध्ये जन्मली, तिथेच शिकली आणि लंडनला जाऊन टीव्हीसाठी लिहू लागली. पस्तिसाव्या वर्षी तिला पहिलं मोठं काम मिळालं. एका जाडजूड इंग्रजी फँटसी कादंबरीवर मालिका निघत होती, पण मालिकेतली गोष्ट कादंबरीच्या चाळीस वर्षं आधीची होती. मूळ पुस्तकात एड्रा नावाची म्हातारी राणी आहे. ती कुठल्याही मुलाला जवळ घेत नाही. मूल खोलीत आलं की उठून जाते. असं का, ते लेखकाने सातशे पानांत कुठे सांगितलेलं नाही, आणि आता तो हयातही नाही. ते शोधायचं काम सहा लेखकांवर आलं होतं.

सहाजण रोज एका लांब टेबलाभोवती बसत. मुख्य लेखिका फिओना सुचलेल्या कल्पनांच्या चिठ्ठ्या फळ्यावर लावायची. तीन आठवडे झाले तरी सुमेधाची एकही चिठ्ठी फळ्यावर टिकली नव्हती. तिचं बोलणं लोक सौजन्याने ऐकून घेत आणि पुढे जात. चौथ्या सोमवारी फिओना म्हणाली, "एड्राचं अजून काही जमत नाहीये. कुणाकडे काही आहे?"

सुमेधाने तोंड उघडलं आणि वैजयंतीमावशीची गोष्ट सांगितली.

तिने मावशीचं नाव घेतलं नाही. एक तरुण बाई, ती म्हणाली, दोन वर्षांचा मुलगा जावेकडे ठेवून कामासाठी परमुलखात जाते. तीन वर्षांनी त्याला न्यायला परत येते. मुलगा जावेच्या मागे लपतो आणि विचारतो, तू कोण? त्याच्या डोळ्यांतली भीती बघून ती म्हणते, "मी पाहुणी आहे, बाळा." चार दिवस पाहुणी म्हणून राहते आणि एकटीच परत जाते.

एका लेखकाने चष्मा काढून पुसला. फिओना म्हणाली, "हे कुठून आलं?"

"असंच सुचलं," सुमेधा म्हणाली.

त्या दिवसापासून लोक तिचं बोलणं थांबून ऐकू लागले. तिसरा भाग तिच्या नावावर लागला.

खरी गोष्ट कराडची होती. एकोणऐंशी साली मावशी नर्स म्हणून लेस्टरला आली तेव्हा हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये मूल ठेवता येत नव्हतं, म्हणून तिचा मुलगा परीक्षित कराडला मोठ्या जावेकडे राहिला. मावशी त्याला आणायला गेली होती हे त्याला कुणी कधी सांगितलं नाही. जावेला स्वतःचं मूल नव्हतं. तिनेच निघताना मावशीचे हात धरून म्हटलं होतं, "त्याला कळू देऊ नका." मावशीने ते पाळलं. परीक्षित मोठा झाला तो आपली आई आपल्याला न्यायला कधी आलीच नाही, असं समजून. तो जावेला आई म्हणायचा आणि मावशीला काकू. हे सगळं मावशीने आयुष्यात एकदाच बोलून दाखवलं होतं. तिचे यजमान गिरीशकाका गेल्यानंतरच्या आठवड्यात, सुमेधापाशी. सुमेधा तिचा हात धरून ऐकत होती. आणि लंडनला परतताना ट्रेनमध्ये तिने फोनवर सगळं टिपून ठेवलं होतं.

पुढे निर्मात्यांचा निरोप आला. एड्रा फार मवाळ वाटते. तिला सिंहासन हवं होतं म्हणून तिने मूल सोडलं, असं करा. फिओनाने विचारलं, "तुझी हरकत नाही ना?"

सुमेधाला वाटलं, आता सांगावं. पण सांगितलं असतं तर 'असंच सुचलं' हे खोटं ठरलं असतं. "नाही," ती म्हणाली. आणि तिने तो बदल स्वतःच्या हाताने केला, चांगला केला. 'पाहुणी' हे वाक्य तेवढं तसंच ठेवलं. सगळ्यांना तेच आवडलं होतं.

शूटिंग चालू होतं त्या वर्षभरात ती पाचसहा वेळा मावशीकडे जाऊन आली. मावशी थालीपिठं करायची, लोण्याचा गोळा वर घालून ताटली पुढे सरकवायची आणि विचारायची, "काय गं, राणीबाई काय म्हणतात?" सुमेधा म्हणायची, "ऑल गुड, मावशी." दर वेळी ती ठरवून जायची आणि न सांगता परत यायची.

मालिका आली. तिसऱ्या भागाच्या रविवारी दुपारी मावशीने मैत्रिणींना घरी बोलावलं. सुमेधा लवकर पोचून मावशीला बाजूला घेणार होती, पण ट्रेन उशिरा आली. दार मैत्रिणींपैकी श्यामलाताईंनी उघडलं. आत चौघीजणी सोफ्यावर बसल्या होत्या. टीपॉयवर चकल्या होत्या, आणि मावशी ठेवणीतली साडी नेसून रिमोट हातात घेऊन तयार होती.

"आली आमची रायटर," मावशी म्हणाली. "बस इथे, माझ्याजवळ."

चाळिसाव्या मिनिटाला एड्रा परत आली. मुलगा दुसऱ्या बाईच्या झग्यामागे लपला. त्याने विचारलं, तू कोण. एड्राने उत्तर दिलं. मग ती बाहेर पडली, घोड्यावर बसली, आणि दूरवरचा किल्ला बघून हसली.

"काय बाई आहे," श्यामलाताई म्हणाल्या. "पोटचं पोर टाकून खुर्चीसाठी जायचं. कसली म्हणायची ही आई?"

"अहो, राणीच ती," दुसरी म्हणाली.

शेवटी सुमेधाचं नाव आलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मावशीनेही वाजवल्या. मग तिने सगळ्यांना चहा दिला, चकल्या डब्यांत भरून दिल्या, प्रत्येकीला दारापर्यंत सोडलं. परत येऊन ती सुमेधासमोरच्या खुर्चीत बसली.

"मी हसले नव्हते," ती म्हणाली. "बाकी ठीक आहे. पण मी हसले नव्हते."

"मावशी, माझा चूक झाला. मी सांगणार होती, आय स्वेअर, मी—"

एरवी मावशी तिचं मराठी लगेच दुरुस्त करायची. आज केलं नाही.

"मी तुला सांगत होते तेव्हा तू माझा हात धरला होतास. तेव्हाच मनात लिहीत होतीस का?"

सुमेधाला नाही म्हणता आलं असतं. "तेव्हा नाही," ती म्हणाली. "नंतर. ट्रेनमध्ये."

"त्याच दिवशी?"

"हो."

मावशीने मान हलवली. "परीक्षितचा मेसेज आलाय. त्याच्या लेकीला, सान्वीला, फार कौतुक, आत्याने लिहिलंय म्हणून. पुढच्या रविवारी बापलेक बघणारेत. त्याच्या आत मला त्याला सांगायला हवं. शनिवारी सकाळी ये. मी फोन करीन तेव्हा तू इथे पाहिजेस."

मधल्या आठवड्यात सुमेधाने फिओनाला खरं सांगितलं. फिओनाने आधी विचारलं की मावशी वकिलाकडे जाईल का. मग म्हणाली, लेखक असंच करतात. सुमेधाला आणखीनच लाज वाटली, कारण ते ऐकून तिला क्षणभर बरं वाटलं होतं.

शनिवारी मावशीने परीक्षितला पुण्याला फोन लावून स्पीकर चालू केला. सगळं सांगायला तिला दहाएक मिनिटं लागली. जावेबद्दल ती एकही वाकडा शब्द बोलली नाही.

शेवटी परीक्षित म्हणाला, "चार दिवस होतात तुम्ही?"

"हो रे."

"आणि मला कुणीच सांगितलं नाही. सुमेधा आहे तिथे?"

"आहे, दादा."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तीन वर्षं."

"म्हणजे मला सांगायच्या आधी तू ते टीव्हीला सांगितलंस."

"हो."

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "काकू, मी नंतर बोलतो." आणि फोन बंद झाला.

दहा दिवस त्याचा फोन आला नाही. मावशी फोन जवळ घेऊन जेवायची, हे सुमेधाला श्यामलाताईंकडून कळलं. मग एक दिवस आला. नंतर दर शनिवारी येऊ लागला. सुमेधाच्या मेसेजला मात्र त्याने उत्तर दिलं नाही.

दोन महिन्यांनी मावशीने तिला जेवायला बोलावलं. थालीपिठं केली होती, लोणीही होतं. मावशीने हवापाण्याचं विचारलं, लंडनच्या भाड्याचं विचारलं. मालिकेचं विचारलं नाही. स्वतःचं काही सांगता सांगता ती दोनदा मधेच थांबली, सुमेधाकडे पाहिलं आणि विषय बदलला. सुमेधाने डोकं खाली घालून घास गिळला.

जेवण होत आलं तेव्हा फोन वाजला. मावशीने नाव बघितलं, हात पुसले, आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. आत जाताना तिने दार लावून घेतलं.

आतून बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते. एकदा मावशी हसली. सुमेधा नकळत दाराच्या दिशेने झुकली. आपण काय करतोय हे लक्षात आलं तेव्हा तिचे कान तापले. ती उठली, मागचं दार उघडून बागेत गेली आणि मावशीचं बोलणं संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.