सहा गळ आणि एक ओठ

माझे साडू पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा खात्यातल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो श्वास आम्हा नातेवाइकांच्या घशात अडकला, कारण आता साहेब दिवसभर मोकळे होते. घरात सगळे त्यांना साहेबच म्हणतात. माझी थोरली मेहुणी, म्हणजे त्यांची बायकोसुद्धा. माणूस वाईट नाही. फक्त समोरच्यालाही काही येत असेल, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. आमच्याकडे आले की चहाचा गॅस किती ठेवायचा, ते बैठकीत बसून सांगतात.

मी दातांचा डॉक्टर. वीस वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाला साहेबांनी चार पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "खऱ्या डॉक्टरकीला मार्क कमी पडले की दातांकडे वळतात, पण आमच्या डॉक्टरांनी जिद्द सोडली नाही." पाहुणे हसले. मीही हसलो. तेव्हापासून मी हसतोच आहे.

तर निवृत्तीनंतर साहेबांनी मासेमारीची कयाक, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, घेतली. तीन आठवडे ते मोबाइलवर व्हिडिओ बघत होते आणि चौथ्या आठवड्यात तज्ज्ञ झाले. कयाक दोन माणसांची होती. मेहुणीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी पाण्यात येणार नाही. जमिनीवर जे चाललंय तेवढं मला पुरे आहे." मग दुसऱ्या जागेसाठी माझं नाव निघालं. मला पोहता येत होतं आणि नाही म्हणता येत नव्हतं, एवढीच माझी पात्रता.

एका रविवारी सकाळी आम्ही खाडीच्या धक्क्यावर पोचलो. तिथे एक बाई पिंपात जिवंत मासे विकायला बसली होती. बोटभर लांबीचे, चकचकीत, मोठ्या माशाला आमिष म्हणून लावायचे. तिने डबा पुढे केला, तर साहेब म्हणाले, "विकतचं आमिष लावणं म्हणजे कॉपी करून पास होणं. आम्ही आमचं आमिष स्वतः धरतो."

"धरा की," बाई म्हणाली. "पण त्या पाकिटातल्या सहा गळांच्या दोऱ्यानं धरणार असाल, तर कात्री जवळ असू द्या."

साहेबांनी तिच्याकडे अर्ज फेटाळल्यासारखं पाहिलं. मी गाडीतून पक्कड आणि कात्रीची पिशवी काढली होती, ती त्यांनी परत आत ठेवायला लावली. "डॉक्टर, कयाकवर फालतू वजन चालत नाही. हा काही तुमचा दवाखाना नाही." त्यांच्या स्वतःच्या सामानात मात्र मासे दाखवणारा पडदा होता, हवेचा पंप लावलेली बादली होती, घडी घालता येणाऱ्या दोन छत्र्या होत्या आणि थर्मास होता.

वल्ही मारत आम्ही एका तरंगत्या लाल पिंपापाशी आलो. लहान मासे अशा पिंपांच्या सावलीत जमतात, हे मला जाताना तीनदा सांगून झालं होतं. साहेब पुढच्या जागेवर होते, पण मला नीट शिकवता यावं म्हणून ते वळून माझ्याकडे तोंड करून बसले.

"नीट बघा," त्यांनी पाकिटातून दोरा काढला. दोऱ्याला वीतवीत अंतरावर सहा बारीक गळ, प्रत्येकाला चमकणारा पिसासारखा तुकडा आणि शेवटी शिशाचं वजन. "गळाला काही लावायचं नाही. हा तुकडाच माशाला खाणं वाटतो. मूर्ख जात. जे चमकतं त्याच्यामागे धावते."

त्यांच्या टोपीवर, जॅकेटवर आणि नव्या गॉगलवर ऊन चमकत होतं. मी मान डोलावली.

त्यांनी दोरा सोडला आणि गळाची काठी हलकेच हलवली. अर्ध्या मिनिटात काठीचं टोक थरथरलं. मला वाटलं आता ओढतील, पण ते म्हणाले, "थांबायचं. एक लागला की बाकीचे आपण होऊन येतात. माणसांचंही असंच असतं." हे मात्र बरोबर निघालं. त्यांनी दोरा वर घेतला तेव्हा सहापैकी पाच गळांवर चांदीची पाती फडफडत होती.

खरी परीक्षा इथे असते, हे मला नंतर कळलं. पाच जिवंत मासे पाच दिशांना गिरक्या घेतात. दोरा खालून-वरून ताठ धरला नाही, तर क्षणात त्याचा गुंता होतो. साहेबांनी काठी बाजूला ठेवून शिशाचं वजन दोन गुडघ्यांत दाबलं. वरचं टोक धरायला हात शिल्लक नव्हता, कारण एका हाताने मासा सोडवायचा होता आणि दुसरा हात मला दाखवण्यात गुंतला होता.

"मी धरू का?" मी विचारलं.

"तुम्ही फक्त बघा," ते म्हणाले आणि दोऱ्याचं वरचं टोक त्यांनी दातांत धरलं.

दातांत दोरा धरून माणसाने बोलू नये. पण साहेब पुढची सूचना द्यायला गेले. तोंड उघडलं, दोरा सैल पडला, सगळ्यात वरच्या माशाने उसळी मारली आणि त्याच्या वरचा, रिकामा असलेला सहावा गळ साहेबांच्या खालच्या ओठात रुतला. त्यांनी झटका देऊन मान मागे घेतली, तेव्हा दुसरा गळ, माशासकट, जॅकेटच्या छातीवरच्या पट्ट्यात अडकला. ओठ आणि छाती यांच्यात आता वीतभर दोरा होता. मान वर करायची म्हटली की ओठ ताणला जायचा. साहेब मान खाली घालून बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हलू नका," मी म्हणालो. रांगत पुढे जाऊन मी ओठ पाहिला. गळाचं उलट्या काट्याचं टोक पूर्ण आत गेलं होतं. ओढून काढला असता तर ओठाचा तुकडा आला असता. टोक पुढून बाहेर काढून कापायचं आणि मग गळ मागे घ्यायचा, हाच मार्ग. त्याला पक्कड हवी. निदान दोरा तोडायला कात्री हवी.

"पक्कड गाडीत आहे," मी सांगितलं.

"अं," साहेब म्हणाले.

मी एकेक मासा सोडवून पाण्यात टाकला. बादलीकडे बोट दाखवून ते "अं, अं" करत होते, तरीही पाण्यातच टाकला. मग मी माझ्या जागेवर आलो आणि वल्हं उचललं. धक्का लांब होता, भरती उलटी होती आणि वल्हं मारणारा मी एकटाच. तासभर तरी लागणार होता.

माझ्या धंद्यात समोरच्याचं तोंड अडकलेलं असतं आणि बोलायचं काम मलाच करावं लागतं. त्या सवयीनेच असेल, मी आधी हवेबद्दल बोललो. मग मला जाणवलं की साहेब उत्तर देऊ शकत नाहीत. वीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"तुमच्या वरच्या डाव्या दातांचा पूल वाकडा बसलाय," मी म्हणालो. "माझ्याकडे न येता मोठ्या स्पेशालिस्टकडे गेलात ना, त्याचं काम. हसताना दिसतं. मी कधी बोललो नाही."

साहेबांनी डोळे वर करून पाहिलं.

मग माझा बांध फुटला. उद्घाटनाचं बोललो. माझ्या मुलीला "तुझ्या आवाक्यातलं काहीतरी बघ" म्हणाले होते आणि ती त्या रात्री जेवली नव्हती, ते बोललो. सासरे आजारी होते तेव्हा हे फोनवरून आख्ख्या वॉर्डला सूचना देत होते आणि सासऱ्यांचं अंग पुसायला, भांडं द्यायला दोन महिने मी होतो. नंतर लोकांसमोर हे म्हणाले, "मी सगळं बघितलं." "काय बघितलंत साहेब?" मी विचारलं. "तुम्ही दोनदा आलात. एकदा पार्किंग मिळालं नाही म्हणून खालूनच गेलात."

खरं सांगायचं तर मी वल्हंही जरा हळूच मारत होतो. बोलणं मोठं आणि खाडी लहान, अशी माझी अडचण झाली होती. साहेबांच्या हनुवटीवरून रक्ताचा बारीक ओघळ जॅकेटवर उतरला होता. मी रुमाल दिला, तो त्यांनी घेतला.

धक्क्यावर दोरा कापला आणि त्यांना थेट दवाखान्यात नेलं. आमिषवाली बाई आमच्याकडे बघत होती, पण बोलली नाही. मोठ्या मनाची बाई.

भूल दिली, टोक बाहेर काढून कापलं, गळ मागे घेतला. पाच मिनिटांचं काम. साहेबांनी चूळ भरली आणि सुजलेल्या ओठाने म्हणाले, "बोललात ते सगळं खरं आहे."

मी हातमोजे काढून टाकले.

"पण डॉक्टर, माझं तोंड दुसऱ्या कुणी बंद करेपर्यंत तुम्ही वीस वर्षं थांबलात. माझ्या तोंडावर एकदाही बोलला नाहीत. उलट हसत होतात. मला वाटायचं, तुम्हाला गंमत वाटते."

मी हत्यारं धुवायला घेतली. ती आधीच धुतलेली होती.

संध्याकाळी आम्ही चौघं त्यांच्याकडे जेवायला बसलो. साहेबांचा ओठ वांग्यासारखा झाला होता. माझ्या बायकोने कसं झालं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हातभर मासा होता. दातवाला. कयाकमध्ये उडी मारली त्याने. विचारा डॉक्टरांना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडावर बोलायची संधी इतक्या लवकर येईल असं मला वाटलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "हातभर तरी असेल." आणि हसलो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. भात कसा वाढून घ्यायचा, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

जेवणानंतर मेहुणीने मला स्वयंपाकघरात गाठलं. तिचा त्या माशावर क्षणभरही विश्वास बसला नव्हता. मी खरं काय ते सांगितलं, माझं भाषण वगळून.

"म्हणजे तासभर ते काहीच बोलले नाहीत?" तिने विचारलं.

"एक शब्द नाही."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. हातातलं फडकं तिने दोनदा पिळलं.

"आणि तुम्ही मला फोन करून बोलावून नाही घेतलंत," ती म्हणाली.