सरकवलेला ठिपका

मी एक जुना लोखंडी नळ आहे, आग लागली की बंबाला पाणी देणारा. मित्रांनो, आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

त्या सकाळी पाट्या रंगवणारे पेंटरकाका माझ्यापुढे उकिडवे बसले होते. दुकानात उरलेला लाल रंग ते दरवर्षी मला लावत. त्यांची मुलगी कामावर निघाली होती.

"बाबा, सरकारी नळ तो. तुम्हाला कुणी सांगितलंय?"

"कुणी सांगत नाही म्हणूनच. अगं, हा दिसला पाहिजे. कसा बसलाय रंग?"

"मला उशीर होतोय," म्हणत ती गेली.

भट्टीतून ओतून मला या बोळात रोवलं, तेव्हा माझा थाट होता. कापडाच्या वखारीची आग माझ्या पाण्यानं विझली आणि बंबवाल्यांनी माझी पाठ थोपटली. पुढे लोकांनी मला सायकली बांधल्या, माझ्यावर खरकटं ओतलं. गरज सरो, वैद्य मरो. पेंटरकाका तेवढे विसरले नाहीत.

त्याच दुपारी त्यांच्या दुकानातल्या रंगांनी पेट घेतला. बंब वेळेत आला, पण जवान दुसऱ्या भागातले. टाकीतलं पाणी संपलं तसा त्यांनी मोबाइलवर पाणीखात्याचा नकाशा उघडला. त्यात या वस्तीतले सगळे नळ एकाच ठिपक्यावर होते, खात्याच्या कचेरीच्या आवारात. बंब तिकडे धावला. मी दुकानामागे, हाकेच्या अंतरावर, ओल्या रंगात उभा होतो. मी कशासाठी आहे हे जाणणारा तिथे एकच माणूस, आणि तो आत होता. बंब पाणी घेऊन परतला, तोवर काका गेले होते.

पुढे खात्याचे साहेब पाहणीला आले. मुलगी वाटच पाहत होती.

"नकाशा जाहीर केला होता ना, ताई. सुरक्षेसाठी ठिकाणं जरा सरकवली, इतकंच. कुणी नासधूस केली तर?"

"भर बोळात लाल रंगात उभा आहे हा. लपवलात कुणापासून? बंबवाल्यांपासून?"

"वरून आदेश असतात."

"मग वरच्यांचं घर पेटलं की बंब तुमच्या कचेरीतच पाठवा! खरी ठिकाणं उघडी करा, साहेब. कुणालाही बघता येतील, उतरवून घेता येतील अशी. चुकलं तर वस्तीतलं कुणीही सांगेल."

"रीतसर अर्ज करा."

"तो तुमच्याच टेबलावर धूळ खातोय."

साहेब गाडीत बसले. काच वर गेली.

मित्रांनो, मला रंग नसला तरी चालेल, पण माझा पत्ता खोटा सांगू नका. जे सगळ्यांचं आहे त्याचं ठिकाण लपवणाऱ्याला विचारा, भीती कुणाची? उत्तर मिळेपर्यंत त्याच्या दारातून हलू नका.

मुलगी गेली नाही. बाबांसारखीच माझ्यापुढे उकिडवी बसली. माझ्या अंगावरची काजळी तिनं ओढणीनं पुसली. खालून लाल निघाला.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "छान बसलाय रंग."